पायथ्यापासून बुग्यालपर्यंत पक्षी पाहायला निघताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर चापडगावच्या मनोऱ्याखाली थर्मासमधला चहा संपत आला की कुणीतरी हमखास विचारतं, "मग, यंदा हिमालय ना?" त्यानंतर दोन महिने फोनवर तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन माझा घसा बसतो, आणि दर वेळी एखादी गोष्ट सांगायची राहून जाते. म्हणून आपल्या चौदा दिवसांच्या पक्षीसहलीबद्दल यंदा एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. यातही काही राहिलं असेल तर रविवारी गंगापूर धरणावर भेटू तेव्हा विचारा.

नेमकं कुठून कुठे जायचं आहे?

उत्तराखंडात. कुमाऊँच्या पायथ्याला काठगोदामला उतरायचं. तिथून सातताल, पंगोट, मग एक दिवस नुसता गाडीत, पुढे गढवालमधलं मंडल, चोपता आणि शेवटी तुंगनाथचं शिवमंदिर.

काठगोदाम स्टेशन समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या नाशिकइतकंच. थोडक्यात, आपण आपल्याच उंचीवरून चढायला सुरुवात करतो. सातताल साधारण १,३७० मीटर, पंगोट २,००० च्या आसपास, चोपता २,७०० च्या आसपास आणि तुंगनाथ ३,६८० मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे पंगोटला खोलीच्या व्हरांड्यात चहा पिताना आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर असतो.

चौदा दिवस कशाला? थेट चोपता गाठलं तर आठवड्यात होईल ना?

होईल. पण मग तो वेगळा प्रवास झाला.

पहाडात पक्षी उंचीप्रमाणे राहतात. पायथ्याला साल, त्याच्या वर चीड म्हणजे तिकडचा पाइन, मग बांज म्हणजे तिकडचा ओक, त्याहून वर खर्सू हा आणखी एक ओक आणि बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. शेवटी झाडं खुजी होत होत थांबतात आणि गवताळ कुरणं सुरू होतात, तेच बुग्याल. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. झाडं बदलतात, झाडांवरचे किडे बदलतात, आणि किड्यांमागोमाग पाखरंही. सातताल ते पंगोट अंतर फार नाही, तरी सकाळी इथे दिसलेली निम्मी मंडळी दुपारी तिथे भेटत नाहीत, त्यांचे भाऊबंद भेटतात. साततालला लांब शेपटीचा लाल चोचीचा ब्लू मॅगपाय असतो, वर जाल तसा पिवळ्या चोचीचा दिसू लागतो. खाली कलीज फेझंट, मध्ये कोकलास, सगळ्यात वर मोनाल. तिघंही तितरांच्याच गोतातले, पण प्रत्येकाने आपापला मजला धरून ठेवलेला.

एकदम शेवटच्या मजल्यावर उतरलात तर मोनाल दिसेल आणि फोटोही मिळेल. पण तो तिथेच का राहतो, खाली का येत नाही, हे कळणार नाही. मला विचाराल तर या प्रवासात पाहायचं असतं ते हेच. शिवाय शरीरालाही हळूहळू चढलेलंच मानवतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एप्रिल-मेच का? दिवाळीच्या सुट्टीत जमत नाही का?

दोन्ही हंगाम चांगले आहेत, फक्त दिसणारं वेगळं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वरचे पक्षी थंडीने खाली उतरतात, तेव्हा साततालची दरी गजबजलेली असते. चोपत्याला मात्र बर्फ असतं आणि रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हिशेब उलटा असतो. बर्फ वितळत वर सरकतं, त्यामागून किडे, त्यांच्यामागून पक्षी. नर रंगात आलेले असतात आणि गातात. दाट जंगलात पक्षी डोळ्यांनी सापडण्याआधी कानांना सापडतो, म्हणून मी हाच काळ निवडते.

तोटेही सांगते. खालच्या चिडाच्या जंगलात वाळलेल्या सुयांना (तिकडे त्यांना पिरुळ म्हणतात) याच दिवसांत वणवे लागतात, एखाद्या वर्षी धुराने समोरची दरीही दिसत नाही. आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास चारधाम यात्रा सुरू झाली की गढवालच्या रस्त्यांवर रांगा लागतात. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, तेव्हा दरडी कोसळतात. त्या काळात मी कुणालाही नेणार नाही, हट्ट धरू नका.

नाशिकहून जायचं कसं?

नाशिकरोडहून मंगला किंवा पंजाब मेलने दिल्ली. जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते. परत येताना चोपत्याहून रुद्रप्रयाग, देवप्रयागमार्गे हृषीकेश-हरिद्वार आणि तिथून दिल्ली. तिकिटं आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी काढायची. मंगला केरळहून येते, तेव्हा दिल्लीची पुढची गाडी त्याच दिवशी घट्ट वेळेत धरू नका, मध्ये मोकळा अवकाश ठेवा.

कुठे काय दिसतं?

पुरी यादी देत नाही. यादी घेऊन येणारे यादीच बघत बसतात. पण ठिकाणांची थोडी ओळख करून देते.

काठगोदामला उतरल्या उतरल्या सामान गाडीत टाकून गौला नदीच्या काठाला जायचं. पहाडी नदीचे पक्षी हा वेगळाच संसार आहे. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट दगडावर शेपटी हलवत बसतो, क्रेस्टेड किंगफिशर आपल्या कवड्या धीवराचा थोरला भाऊ शोभतो, आणि ब्राउन डिपर चक्क वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाशी किडे शोधतो. फोर्कटेल दिसला तर पहिला दिवस सार्थकी लागला समजा: काळा-पांढरा, दुभंगलेली शेपटी, खळाळत्या पाण्याच्या कडेने ठुमकत चालणारा.

साततालला ओढ्याकाठी एक जागा आहे, तिला सगळे पक्षीनिरीक्षक 'स्टुडिओ' म्हणतात. तिथे फक्त बसायचं. पांढऱ्या तुऱ्याच्या लाफिंगथ्रशची टोळी येते तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर विनोद झाल्यासारखा हशा उसळतो. लाल चोचीचे लिओथ्रिक्स पाण्यावर येतात. ग्रेट बार्बेट, म्हणजे आपल्या तांबटाचा धिप्पाड नातेवाईक, दिवसभर दरीत 'पियोऽ पियोऽ' करत राहतो. दुसऱ्या दिवशी तो नको वाटतो आणि नाशिकला परतल्यावर आठवतो.

पंगोटला बांजाचं जंगल. जे (jay) या कावळ्याच्या गोतातल्या पक्ष्यांच्या दोन जाती, सुतारांच्या कितीतरी, रूफस सिबियाची सुरेल शीळ. पहाटे कोकलास ओरडतो, दिसतो मात्र क्वचित. पुढे विनायक नावाच्या जागी उभ्या गवताळ उतारांवर चीर फेझंट राहतो. तो जगभरात संकटग्रस्त मानला जातो आणि हुडकायला फार अवघड, कारण गवताच्या रंगात तो पार विरघळून जातो. याच डोंगरांत हिमालयन क्वेल नावाची लाव्यासारखी एक पाखरूजात होती. तिची शेवटची खात्रीची नोंद १८७६ ची, नैनितालच्या शेर-का-डांडा टेकडीवरची. त्यानंतर ती पुन्हा कुणाला खात्रीने दिसलेली नाही. पंगोटच्या उतारांवर दुर्बीण फिरवताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. उगाच वाटतं, त्या गवतात असेल.

मग कर्णप्रयागमार्गे मंडल. अत्री-अनसूयेचं स्थान इथून वर पायवाटेने आहे, त्यामुळे दत्तभक्तांची इथे आपोआप सोय होते. पक्षीवाल्यांसाठी मंडलचं आकर्षण म्हणजे यलो-रम्प्ड हनीगाइड. कड्यांवर आग्या मोहोळासारखी प्रचंड पोळी लटकलेली असतात, त्यांच्या आसपास हा चिमणीएवढा पक्षी बसून असतो. तो मधासाठी येत नाही, मेण खातो! मेण पचवणारे पक्षी जगात फार थोडे. नर पोळ्यांचा इलाखा सांभाळतो आणि मेण खायला येणाऱ्या माद्यांशी जोडी जमवतो. मला हे सरदारकीसारखं वाटतं. कड्यापासून लांब थांबायचं, अत्तर लावायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. आग्या मोहोळाचा इंगा आपल्या गडांवर अनेकांनी पाहिला आहे.

मंडलहून चोपता हा रस्ता गाडीने गेलात तर तासाभराचा, आम्ही अर्धा दिवस घेतो. कांचुला खर्कच्या जंगलात दर वळणावर उतरावंसं वाटतं.

आणि तुंगनाथ?

चोपत्याहून फरसबंद वाट आहे, साधारण चार किलोमीटर आणि जवळपास हजार मीटरचा चढ. हा सगळा भाग १९७२ मध्ये कस्तुरीमृगासाठी राखलेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो. वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्र मागतात, ते वरच्या खिशात ठेवा.

अंधारात निघायचं. पहिला तास बुरांशाच्या जंगलातून. एका वळणानंतर झाडं संपतात आणि एकदम सगळं उघडं होतं. तिथून पुढे पक्ष्यांची वागणूकही बदलते. जंगलात ते लपतात, इथे लपायला जागाच नाही. स्नो पिजनचे थवे उजळत्या उतारांवरून वळतात, पिवळ्या चोचीचे कावळ्यासारखे चफ वाऱ्यावर कसरती करतात, पिपिट दगडावर बसून गातात. वर मान केली तर हिमालयन ग्रिफन गिधाड, आणि नशीब असेल तर हाडं खडकावर टाकून फोडणारा दाढीवाला गिधाड.

मोनाल नक्की दिसेल का?

मी कुणाला 'नक्की' म्हणत नाही. पण उत्तराखंडचा हा राज्यपक्षी झाडांची रेघ संपते त्या भागात सकाळी चरायला बाहेर येतो, आणि यात्रेकरूंची वर्दळ सुरू होण्याआधी पोचलात तर संधी चांगली असते. चोचीने माती उकरून कंद-मुळं शोधतो, तेव्हा तो खाली मान घालून कामात असतो. सावलीत असेल तर नर चक्क काळपट दिसतो आणि लोक 'कोंबडी आहे' म्हणून पुढे जातात. ऊन पडलं की हिरवा, निळा, जांभळा, तांबूस, सगळे रंग एकदम पेटतात. म्हणून ऊन येईपर्यंत थांबा. मादी तपकिरी असते. तिच्याकडेही बघा, तिचा फोटो कुणी काढत नाही.

आपल्याकडे दिसणारे पक्षी तिथे भेटतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि तो फार थोडे जण विचारतात.

भेटतात, आणि तिथे ते घरी असतात. थंडीत आपल्या सह्याद्रीच्या झाडीत व्हर्डिटर फ्लायकॅचर येतो, निळसर हिरवा, तांब्यावर चढलेल्या मोरचुदासारखा. आपण म्हणतो पाहुणा आला. पंगोटला तोच पक्षी तारेवर बसून गाताना, दगडी भिंतीच्या सांदीत घरट्यासाठी शेवाळ नेताना दिसतो. निळ्या टोपीचा रॉक थ्रश आपल्याकडे सावलीत गप्प बसून असतो, तिकडे चिडाच्या शेंड्यावरून बेधडक गातो. टिकेल लीफ वॉर्बलर हा पिवळसर पोटाचा वटवट्या आपल्याकडे झुडपातून 'चिक्' करतो आणि ओळखताना आपली भांडणं होतात. तुंगनाथच्या वाटेवर झाडांच्याही वर, खुज्या झुडपांत त्याचं माहेर आहे.

सगळेच मात्र इथे थांबत नाहीत. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, घाटाच्या पायऱ्यांवर शेपूट थरथरवणारा थिरथिरा आणखी पुढे लडाख-तिबेटकडे जातो. नांदूरमध्यमेश्वरला उतरणारे पट्टकदंब तर अख्खा हिमालय ओलांडून जातात.

गिधाडांचं उलटं. अंजनेरीच्या कड्यांवरचं लांब चोचीचं गिधाड तिकडच्या उंच पहाडात नसतं, तिथे राज्य ग्रिफनचं. आपल्या गिधाडांचा घात केला तो गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी गेलेले थवे परतलेले नाहीत. तुंगनाथला आठ-दहा ग्रिफन एकत्र घिरट्या घालताना पाहिले की आमच्यातले जुने सदस्य गप्प होतात.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावता येतो ना?

येतो. आणि आपल्या सहलीत ते करायचं नाही.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे केलं आहे, म्हणून अधिकाराने सांगते. पंगोटला एका छोट्या घुबडाचा आवाज मी मोबाइलवर लावला. ते आलं, नाही असं नाही. पण त्याच्यामागे परिसरातली सगळी चिमुकली पाखरं त्याला हुसकायला धावली आणि बराच वेळ तो गोंधळ थांबेना. घरट्यांचा हंगाम. त्या वेळात त्यांनी पिलांना किती किडे भरवले असते, हा विचार मला रात्री जेवताना आला. फोटो अजून आहे. कुणाला दाखवत नाही.

आवाज ओळखण्यासाठी मर्लिन हे ॲप जरूर वापरा. उत्तर भारताचा संच नाशिकमध्येच उतरवून घ्या, तिथे नेटवर्कचा भरवसा नाही. पण ॲप सांगतं ते ब्रह्मवाक्य नव्हे, पक्षी पाहिल्याशिवाय नोंद करू नका.

आवाजांवरून आठवलं. आपल्याकडे पावश्या 'पेरते व्हा' म्हणतो. तिकडे इंडियन कुकू चार सुरांत ओरडतो आणि पहाडी माणसाला त्यात 'काफल पाक्को' ऐकू येतं, काफल पिकलं. त्यामागे एक लोककथा आहे. आई काफलांची टोपली मुलीच्या राखणीला ठेवून जाते. उन्हाने फळं सुकून टोपली उणी दिसते, आई रागाने मुलीला मारते, त्यात ती मरते. संध्याकाळी पाऊस पडतो, फळं फुगतात आणि टोपली पुन्हा काठोकाठ भरते. 'मी चाखलं नाही' असं ते पाखरू अजून सांगतं म्हणे. होमस्टेच्या आजींना विचारा, त्या ही गोष्ट माझ्यापेक्षा फार चांगली सांगतात.

माझं वय बासष्ट आहे, गुडघे कुरकुरतात. जमेल?

शेवटचा चढ सोडला तर बाकी सगळं सपाट किंवा हलक्या उताराच्या रस्त्यांवरून आहे. पक्षी पाहणारा माणूस तासाला किलोमीटरही चालत नाही. तुंगनाथला घोडी मिळतात, पण घोड्यावरून दुर्बीण लावता येत नाही हे आधीच सांगते. झाडांच्या रेघेपर्यंत जाऊन परत फिरलात तरी काही बिघडत नाही, मोनाल बहुधा त्याच पट्ट्यात दिसतो.

उंचीचा त्रास होतो का?

२,५०० मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो, वयाचा आणि तब्येतीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. अंगावर काढायचं नाही, लगेच सांगायचं. त्रास वाढला तर उपाय एकच, खाली उतरणं. बीपी, दमा, हृदयविकार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांबद्दलही त्यांनाच विचारा, मला नको.

इतक्या जवळ जातोच आहोत, तर केदारनाथ करून घेऊया का?

दर वर्षी, दर वर्षी हा प्रश्न! त्र्यंबकेश्वर ज्यांच्या दाराशी आहे त्यांना केदारनाथ खुणावणारच, मला समजतं. पण त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, किमान तीन दिवस लागतात, आणि त्या गर्दीत पक्षी दिसत नाहीत. तुंगनाथ पंचकेदारांपैकीच, म्हणजे शंकराच्या पाच केदार मंदिरांपैकीच आहे आणि सगळ्यांत उंचावरचा. सासूबाईंना तसं सांगा.

दुर्बीण कोणती घेऊ?

८×४२. दहापटीची घेऊ नका, धापा टाकताना हात हलतो आणि चित्र नाचतं. कॅमेरा ऐच्छिक, दुर्बीण सक्तीची. दोघांत एक दुर्बीण हे लग्नाच्या पहिल्या वर्षापुरतं ठीक आहे.

कपडे?

थरांवर थर. पहाटे स्वेटर, जाकीट, कानटोपी, दुपारी सदरा. रंग मातकट किंवा हिरवे. पावसाचा कोट असा घ्या की चालताना चुरचुर वाजणार नाही. बूट नवे कोरे नकोत, इथे महिनाभर घालून झालेले हवेत. चोपत्याला विजेचा भरवसा नाही, बऱ्याच ठिकाणी फक्त सौरदिवे असतात, म्हणून पॉवर बँक आणि बॅटरी आणा.

जेवणाचे हाल होतात का?

अजिबात नाही, फक्त मिसळ विसरा. तिकडचा मडुआ म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे हुलगे. झंगोऱ्याची खीर खाल्ली की नाशिकच्या माणसाला भगर आठवतेच. आलू के गुटके पोहोचल्या दिवशीच मागवा. शेंगदाण्याची चटणी मात्र आपली न्या, ती कुठेच मिळत नाही.

सराव कुठे करायचा?

पायांचा अंजनेरीवर, कानांचा बोरगडावर, डोळ्यांचा नांदूरमध्यमेश्वरला. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलेली ही जागा आपल्या निफाड तालुक्यात आहे आणि तरी माणसं 'आधी हिमालय' म्हणतात. किमान तीन रविवार आलेल्यांनाच गाडीत जागा.

नोंदी कशा ठेवायच्या?

वही आणा, छोटी, खिशात मावणारी. पक्ष्याचं नाव, वेळ, झाड आणि त्यापुढे उंची. उंचीचा रकाना मोकळा सोडला तर रात्रीच्या बैठकीत मी वही परत देणार आहे. आणि पेन नको, पेन्सिल आणा. तुंगनाथच्या थंडीत शाई गोठून बसते आणि नेमका त्याच वेळी मोनाल समोर असतो.